‘मॅग्निफाय’ आणि खर्ड्याचा पोवाडा

इंग्रजींतील ‘मॅग्निफाय’ ह्या क्रियापदाचा अर्थ महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास विचारावा, तर ‘अतिशयोक्ति करणें’ हें उत्तर ठरलेलें. तें अगदींच चुकीचें नव्हे. पण अतिशयोक्ति हा अलंकार आहे, बोलणारा ती जाणून करितो आणि ऐकणाराही ती ओळखतो. क्षुल्लक गोष्टीस तिच्या योग्यतेबाहेर महत्त्व देण्याचा जो व्यापार त्या क्रियापदांत आहे, त्यास आपला ‘स्तोम माजविणें’ हा प्रयोगच अधिक जवळचा.

ह्या दोहोंचें साम्य वरवरचें नाहीं. १६११ च्या इंग्रजी बायबलांत मेरी परमेश्वरास ‘मॅग्निफाय’ करिते, म्हणजे त्याचें स्तवन करिते; परमेश्वरास आणखी मोठें कोण करणार! संस्कृतांतील ‘स्तोम’ म्हणजेही स्तवनच. अग्निष्टोम ह्या नांवांत तें अद्याप आहे. पुढें त्यास ‘रास’ असाही अर्थ आला, आणि मराठींत उरली ती केवळ निंदा.

हा भेद विसरल्यानें आमच्या संगमनेरच्या अनंत फंदीवर (१७४४–१८१९) अन्याय होतो. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ मध्यें झाली. निजाम रात्रीं खर्ड्याच्या किल्ल्यांत शिरला आणि पुढें तहास कबूल झाला. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत मराठ्यांची हानि अगदीं थोडी सांगितली असून, विनासायास मिळालेल्या जयाची बढाई मारणें हें अधःपाताचें लक्षण होय, अशा आशयाचे उद्गार खुद्द तरुण सवाई माधवरावाच्या तोंडीं घातले आहेत. मग डफ हातीं घेऊन फंदीचा खर्ड्यावरील पोवाडा वाचणारा टीकाकार म्हणतो, शाहिरानें लढाई ‘मॅग्निफाय’ केली. केलीच, पण मेरीच्या अर्थानें! पोवाडा हें स्तवन आहे. ज्यांच्यापुढें तो गाइला जाई त्यांस लढाई किती घटका चालली हें शाहिराकडून शिकावयाचें नव्हतें. बिदागी पदरांत पडूं लागली म्हणजे स्तुति आणि स्तोम ह्यांमधील रेघ पुसट होते, हें मात्र खरें. तथापि त्याच वर्षीं माधवराव वारल्यावर ‘माधवनिधन’ रचणारा कवि निव्वळ भाट होता असें मला म्हणवत नाहीं.

खरें स्तोम मागाहून माजलें. अॅक्वर्थ व शाळिग्राम ह्यांनीं १८९१ मध्यें पोवाडे छापून मोठेंच उपकार केले; पण ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे’ हीं विशेषणें मथळ्यावर पाहून आम्ही डफावर गावयाची वस्तु पुराव्याचा कागद म्हणून वाचूं लागलों, आणि तींत बखरीचा नेमकेपणा नाहीं म्हणून शाहिरासच दटावूं लागलों. बखरी तरी कोठें नेमक्या आहेत!