वर्तुळ पुरं करणारी पट्टी

आल्फ्रेड वेनराइटच्या लेक डिस्ट्रिक्टवरच्या सात खंडांना 'गाइडबुक' म्हणणं बरोबरच आहे, पण अपुरं आहे. १९५५ ते १९६६ या काळात आलेल्या या खंडांत २१४ डोंगर आहेत. नकाशे, रेखाटनं, मजकूर, सगळं हाताने काढलेलं. केंडलच्या नगरपालिकेत हिशेबाची नोकरी सांभाळून, बसने फिरून त्याने हे केलं. पहिली शंभरेक पानं झाल्यावर ओळींची उजवी कड सरळ येत नाही म्हणून ती बाद केली आणि पुन्हा लिहिली.

मला मात्र हस्ताक्षरापेक्षा रचनेचं अप्रूप जास्त वाटतं. प्रत्येक डोंगराला एक प्रकरण: नकाशा, चढायच्या वाटा, माथा, तिथून काय दिसतं, आणि शेजारच्या डोंगराकडे जाणारी धार. डेटा स्ट्रक्चर शिकलेल्यांना ग्राफ लगेच ओळखू येईल. डोंगर म्हणजे नोड, धारा म्हणजे एज. दिवसाची फेरी मात्र तुम्हीच जुळवायची. वाचकावर एवढा विश्वास टाकणारी गाइडबुकं कमीच.

सहाव्या खंडातला कॅटबेल्स घ्या. केसविकजवळ, डरवेंटवॉटर तळ्याकाठी, उंची ४५१ मीटर. हॉज एंडपासून धारेने वर, माथ्याखाली हात टेकून चढायचा खडक, पलीकडच्या खिंडीतून उतार आणि तळ्याकाठाने परत. अशा फेरीवर ॲप 'मॉडरेट' असा शिक्का मारून मोकळं होतं. कोणासाठी मॉडरेट? वेनराइटच्या लेखी हा आजीने नातवंडांसोबत चढावा असा डोंगर आहे. त्याच्याशी तुमचं पटेल किंवा नाही, पण निदान वाद घालायला समोर एक माणूस असतो. शिक्क्याशी वाद कसा घालणार?

तरी या रचनेत एक आंधळी जागा आहे. माथा गाठला की पुस्तकाची नजर पुढच्या धारेकडे, मेडन मूरकडे वळते. आपली फेरी पुरी होते ती खाली, ब्रँडलहाउच्या झाडीतून. १९०२ मध्ये नॅशनल ट्रस्टने ही जमीन घेतली. लेक डिस्ट्रिक्टमधली ट्रस्टची पहिली खरेदी. त्यासाठीचे साडेसहा हजार पौंड लोकवर्गणीतून उभे राहिले. म्हणजे आज काठाने बिनधास्त परत येता येतं, त्यामागे अनोळखी लोकांनी खिशातून काढलेले पैसे आहेत. माथ्यांभोवती बांधलेल्या पुस्तकात अशा सखल पट्टीला स्वतःचं प्रकरण मिळत नाही.

याची किंमत वाचकांच्या सवयीत दिसते. २१४ डोंगरांना आता 'वेनराइट्स' म्हणतात आणि लोक ते एकेक करून टिक करतात. ग्राफची टू-डू लिस्ट झाली. इतक्या पावलांनी झिजलेल्या वाटा दुरुस्त करायला 'फिक्स द फेल्स'सारखा उपक्रम चालवावा लागतो. यादी वाचकांनी केली हे खरं, पण फक्त माथे मोजायची सोय पुस्तकानेच करून ठेवली होती.

म्हणून हे खंड जरूर वाचा, पण नकाशात माथा सापडल्यावर थांबू नका. बोट खाली तळ्यापर्यंत आणा. वर जाणारी वाट वेनराइट दाखवेल. परतीची वाट कोणी मोकळी ठेवली, हे तुम्हालाच शोधावं लागेल.