आशयसूत्राच्या मध्यभागी कोण?

पहिली-दुसरीच्या मुलांना भाषा, गणित, परिसर असे तुकडे करून शिकवू नये. मुलाच्या जगण्यातले एखादे सूत्र घ्यावे आणि सगळे विषय त्याच्याभोवती गुंफावेत, हा विचार आता शिक्षणक्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग टप्पा मानला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने त्याला पंचकोशांचा, म्हणजे थेट तैत्तिरीय उपनिषदाचा आधार दिला. (सहा वर्षांच्या मुलाला खेळता खेळता शिकवावे, एवढे सांगायलाही या देशात उपनिषदाची साक्ष काढावी लागते. असो.) त्याच साली महाराष्ट्रात पहिलीची पाठ्यपुस्तके सगळे विषय एकत्र बांधून चार भागांत आली. दप्तर हलके झाले, हे चांगलेच झाले. पण पुस्तके एकत्र शिवली म्हणून ज्ञान एकत्र होत नसते. ते काम शेवटी वर्गातल्या शिक्षकाच्याच गळ्यात पडते, आणि सातारा-सांगलीकडचे कितीतरी शिक्षक ते सुटीत बसून, पदरचे पैसे घालून करीत असतात.

अशाच एका शिक्षकमित्राने आपले सहा आठवड्यांचे नियोजन माझ्याकडे ‘भाषेच्या अंगाने पाहून द्या’ म्हणून पाठवले. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. लहान मुलांच्या वर्गावर मी कधी उभा राहिलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या घरात पहिली पाटी आली ती माझ्यासाठी. त्यामुळे त्या वर्गात खाली बसून काय दिसते, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

सूत्र होते ‘आपले गाव’. पहिल्या आठवड्यात ‘माझे घर’, मग ‘गावाचा नकाशा’, ‘आपले मदतनीस’, ‘शेत आणि पिके’, ‘बाजार’ आणि शेवटी ‘गावची जत्रा’. बाजाराचा आठवडा तर फारच सुंदर रचलेला. मुलांनी वर्गातच दुकाने मांडायची, चिंचोके हे पैसे, पाट्यांवर भावफलक लिहायचे, मापे-वजने करायची, आणि दुसऱ्या दिवशी ‘मी काय विकले’ हे चार वाक्यांत सांगायचे. बेरीज-वजाबाकी, वाचन, बोलणे, चित्र हे सारे एका खेळात येते, आणि कोणता विषय कुठे संपला हे मुलाला कळतही नाही. सूत्रबद्ध नियोजनाची ताकद ती हीच. ही पद्धत वरवरची आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझी अडचण तिसऱ्या आठवड्यापाशी सुरू होते. ‘आपले मदतनीस’ या मथळ्याखाली चित्रे होती: कुंभार, लोहार, सुतार, चांभार, सफाई कामगार. प्रत्येक चित्रासमोर त्याचे हत्यार जोडायचे, हत्यारे मोजायची, त्यांची नावे लिहायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांना ‘धन्यवाद’ म्हणायचे. मित्राचा हेतू निर्मळ आहे, श्रमाबद्दल आदर निर्माण व्हावा हाच. पण साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला विचारावेसे वाटते की, ‘मदतनीस’ हा शब्द कोणाच्या तोंडचा आहे? मदत तो करतो ज्याला ती न करण्याची मोकळीक असते. गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जी कामे लादली गेली, ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती, ज्यांच्या मोबदल्यात खळ्यावरचे उरलेसुरले मिळे, त्यांना दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच नेमका शब्द दिला. ‘बलुतं’ला आता जवळजवळ अर्धे शतक होईल. पहिलीच्या वर्गात मात्र बलुते अजून ‘मदत’ या नावाने शिकवले जाते, आणि ‘आपले’ म्हणजे ज्यांना मदत मिळते त्यांचे, हे मुलांना न सांगता समजते.

मी दुसरीत असताना असाच पाठ झाला होता. गुरुजींनी एकेकाला उभे करून ‘तुझे वडील काय करतात?’ असे विचारले. माझे वडील लग्नसराईत हलगी वाजवत आणि एरवी रोजगाराला जात. मी ‘शेती’ म्हणालो. गुरुजी माणूस चांगला होता. ते हसून म्हणाले, “अरे, हलगी म्हण की! लाजायचं काय त्यात?” आणि त्यांनी मला बाकावर ठेका धरायला लावला. मी खरेच छान वाजवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून चौथी संपेपर्यंत माझे नाव ‘हलगी’ होते. आज मागे वळून पाहताना मला गुरुजींचा राग येत नाही. त्यांनी मुलाचे जगणे वर्गात आणले, जे आजचा प्रत्येक आराखडा करा म्हणतो तेच केले. फक्त त्या जगण्याला आधीच एक किंमत लावलेली आहे, आणि वर्गातले प्रत्येक सात वर्षांचे मूल ती किंमत जाणते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

हा पेच नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने योजना आखली, आणि एका मूलोद्योगाभोवती सगळे विषय गुंफण्याची समवाय पद्धती पुढे आली. ‘जीवन शिक्षण’ हे शब्द अजून कित्येक जुन्या शाळांच्या नावात दिसतात, ती तिचीच खूण. सर्व जातींच्या मुलांच्या हाती टकळी द्यायची, यात एक क्रांतिकारक गाभा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या घराण्यांनी हाताने कधी काम केले नव्हते त्यांच्या मुलाला टकळी हे नवे ज्ञान होते. आणि ज्याचा बाप मुलाला हातकामातून सोडवण्यासाठीच शाळेत घालत होता, त्याला शाळेने पुन्हा हातकामच दाखवले. एकच सूत्र दोन मुलांना दोन दिशांना नेते.

त्याच्याही अर्धशतक आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य असा अभ्यासक्रम सुचवला आहे. शेतीच्या धड्यांना जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असेही म्हटले आहे. मूळचे साताऱ्यातल्या कटगुणचे हे घराणे. जोतीरावांना शेत हवे होते, पण मोडीच्या जागी नव्हे. सावकाराचा कागद मोडीत असे. तो वाचता आला नाही तर शेताचे ज्ञान शेतासकट जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

माझा दुसरा आक्षेप इथूनच निघतो. मित्राच्या नियोजनात तीस दिवसांचे उपक्रम आहेत, पण जे मूल अजून अक्षर ओळखत नाही त्याला ते कधी आणि कसे शिकवायचे, याला जागाच नाही. ‘उपक्रमातून वाचन आपोआप येईल’ असे गृहीत आहे. आपोआप ते कुणाला येते? ज्याच्या घरी भिंतीवर तक्ता आहे, आई रात्री गोष्ट वाचते, त्याला. बाकीच्यांना ते शिकवावे लागते, रोज, क्रमाने, न कंटाळता. सातारा जिल्ह्यातच याचा धडा आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी दलित वस्तीतल्या, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांपासून कामाला सुरुवात केली. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभे राहिले. मुलाच्या अनुभवाला मान देणे आणि मुलाला वाचता येणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. पण दुसरी गोष्ट पहिलीच्या भरवशावर सोडून देता येत नाही, हे त्या कामाने दाखवले. कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा पाहायला २०१५ च्या आसपास राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली होती. तिथून परतलेल्या पुष्कळांनी रंगवलेली फरशी तेवढी आपल्या शाळेत नेली. प्रत्येक मूल आज नेमके कुठे अडले आहे याची शिक्षकाने ठेवायची नोंद मागेच राहिली. फरशी फोटोत येते, नोंद येत नाही.

आता ‘आपले गाव’ याकडे पुन्हा येऊ. लक्ष्मण माने फलटण तालुक्यातले. त्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले. गाढवांवर बिऱ्हाड लादून, फोकांच्या पाट्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातले मूल शाळेत येते, तेव्हा त्याला ‘आपले गाव’ या विषयावर काय सांगता येईल? हा जुन्या काळचा प्रश्न समजू नये. मित्राने हे सूत्र दिवाळीनंतर ठेवले आहे. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या फडावर उतरतात. त्यांची जी मुले शाळेत येऊन टेकतात, त्यांना ‘शेत आणि पिके’ या आठवड्यात उसाचे चित्र रंगवायला मिळणार. त्या वर्गात उसाबद्दल सर्वांत जास्त माहिती त्यांनाच आहे: मोळी किती कांड्यांची, गाडीत किती मोळ्या, पहाटे किती वाजता उठायचे. नियोजनात त्यांना विचारायचा एकही प्रश्न नाही. अण्णाभाऊ साठे वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. ते शाळेत टिकले ते जेमतेम दीड दिवस. त्या दीड दिवसाच्या शाळेत कोणाचे गाव शिकवले जात होते, हा प्रश्न मराठी समीक्षेने कधी विचारला नाही.

नुसते नाकारून भागत नाही, म्हणून मी मित्राला ‘मदतनीस’ काढून ‘पाणी’ घ्या असे सुचवले. पाणी प्रत्येक घरात लागते आणि प्रत्येक घरात वेगळ्या वाटेने येते. मुलांनी मोजावे: घरी किती हंडे लागतात, ते कोण आणते, किती खेपा होतात. ही गणिताची सुरुवात झाली. घरोघरच्या उत्तरांतला फरक शिक्षकाने फळ्यावर नुसता मांडावा; भाष्य करू नये, मुले पाहतील. कुणा एकाला उभे करून त्याच्या घरची गोष्ट वदवून घेऊ नये, हे मात्र मी अधोरेखित करून लिहिले. भूगोल तर दारातच आहे: एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला १० टाक्या, प्रत्येकीत ५०,००० लिटर. सहा वर्षांच्या मुलाला पन्नास हजार कळणार नाही, पण दहा डबे काढून रंगवता येतील आणि ‘लातूरच्या मुलांना आपले पाणी गेले’ हे कळेल. दुसरीत दोन छोट्या गोष्टी सांगाव्यात: १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा हौद सर्वांना खुला केला ती, आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर हजारो माणसे ओंजळभर पाणी प्यायला गेली ती. एवढ्या लहान वयात हे कशाला, असे मित्राने विचारले. ज्या मुलाला या वयात पाण्यावरून हटकले जाऊ शकते, त्याला या वयात ती गोष्टही ऐकता येते, असे मी कळवले. आणि रोजचे पहिले पाऊण तास कोणतेही सूत्र न लावता फक्त अक्षर-वाचनाला ठेवा, असाही आग्रह धरला.

मित्राने पाणी घेतले. पाऊण तासाबद्दल तो अजून कुरकुरतो आहे. उपक्रमांना वेळ पुरत नाही म्हणतो. ‘माझे घर’ त्याने बदलले. आता त्यात बैठकीची खोली आणि देवघर यांच्या तयार चित्राऐवजी कोरा कागद आहे. अडला तो नकाशाशी. जुन्या नकाशात नदी, देऊळ, पार, चावडी, शाळा होती; कागद संपत होता तिथे आमच्यासारखी वस्ती होती. आता तो मुलांना आपापल्या घरापासून नकाशा काढायला सांगणार आहे. पण वस्तीवर नाव कोणते लिहायचे? २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले; कागदोपत्री नवे नाव आहे, पण मुलांच्या तोंडी, त्यांच्या घरच्यांच्याही तोंडी, जुनेच आहे. मूल जे बोलते तेच त्याने लिहावे, हे या पद्धतीचे पहिले सूत्र. ते इथे पाळायचे का, असे त्याने विचारले आहे. महिना झाला, मी उत्तर दिलेले नाही. ज्या शिक्षकांच्या वर्गात हा प्रसंग आला असेल त्यांनी काय केले, ते जरूर लिहावे.