खोक्यावरचा देश

धाराशिव जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. सोलापूर–धुळे महामार्गावरून जाणारा माणूस इथे गाडी थांबवतो, ती खोक्यावरचं चित्र पाहून नव्हे. ‘तेरखेड्याचा माल’ एवढं त्याला पुरतं. गावाचं नावच जाहिरात असेल तर चित्रकाराला फारसं काम उरत नाही. चित्र लागतं ते लांबच्या गिऱ्हाइकासाठी, ज्याला माल कुणी केला हे ठाऊक नसतं. शिवकाशीने हे फार आधी ओळखलं. तिथे काडेपेटी आणि फटाक्यांच्या जोडीने छपाईचा धंदाही वाढला, आणि देवी, जवान, लढाऊ विमानं, तिरंगी पट्टे यांनी देशभरची दिवाळी रंगून गेली.

या चित्रकलेची समीक्षा सहसा कुणी करत नाही. देशप्रेमावर माल खपवायची आपली सव्वाशे वर्षांची रीत मात्र तिच्यात जितकी उघड दिसते, तितकी संग्रहालयातल्या चित्रांत दिसत नाही.

या रीतीची सुरुवात स्वदेशीवाल्यांनी केली, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. मँचेस्टरच्या गिरण्या कापडाच्या ताग्यांवर आपल्या देवादिकांची रंगीत तिकिटं चिकटवून पाठवत होत्या, स्वीडनच्या काडेपेट्यांवर कृष्ण येत होता. इथला भक्तिभाव बाजारात कसा वापरायचा, हे परदेशी व्यापाऱ्याला पक्कं कळलं होतं. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिच्या शिळाछापातून देवांबरोबर नाना फडणवीसांसारखी मराठेशाहीतली माणसंही घरोघरच्या भिंतींवर गेली. ही चित्रं काही विकत नव्हती, स्वतःच विकली जात होती. पण ‘आपला’ चेहरा कसा दिसतो हे त्यांनी ठरवून टाकलं, आणि पुढच्या जाहिरातदारांनी तो आयता उचलला.

स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या जाहिरातींत मला दोन जाती दिसतात. एक नुसती चिकटवलेली. कलकत्त्याच्या ‘काली’ सिगारेटचं उदाहरण घ्या. देवी उग्र, रंग भडक, आणि खाली तंबाखू. चित्र म्हणून ते जबरदस्त आहे, पण सिगारेट ओढल्याने देशाचं काय भलं होणार, हा प्रश्न ते विचारूच देत नाही. दुसरी जात आपल्याकडची. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली विक्री व्हायलाच दोनेक वर्षं गेली. इथे भारतमाता उभी करून भागणार नव्हतं, नांगर किती खोल जातो ते दाखवावं लागलं. १९२० साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चा मूळ हेतू कारखान्याचा माल आणि त्याची माहिती लोकांपर्यंत पोचवणं हाच होता. या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, हेही महत्त्वाचं. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचंही तसंच. काच टिकली, वात नीट जळली, तरच स्वदेशी. आवाहन देशाचं होतं, पण ते मालातून सिद्ध करण्याची जबाबदारी कारखानदाराने स्वतःवर घेतली होती. प्रचारकला म्हणून मी याच परंपरेला वरचा नंबर देईन, तिची चित्रं ‘काली’च्या पासंगालाही पुरत नसली तरी.

इंग्रज सरकारला मात्र भीती वाटायची ती चित्रांची. १९१० च्या प्रेस कायद्याने छापखान्यांच्या मानेवर जामिनाची तलवार टांगली. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘स्वराज्य तोरण’ला नाव बदलून ‘उदयकाल’ व्हावं लागलं.

तेरखेडा मात्र या सगळ्यापासून एक सरहद्द पलीकडे होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. पुण्या-मुंबईची जाहिरातभाषा इथे शेजारच्या राज्यातून येणारी होती. मराठी जाहिरातकलेचे इतिहास लिहिताना मराठवाड्याचा हा वेगळा काळ बहुतेकदा गाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते आपले झाले, आणि बंदीचं कारण उलटं झालं. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविरुद्ध १९५० साली केलेल्या कायद्याच्या यादीत आज छत्रपती शिवाजी महाराज, गांधी, नेहरू यांची नावं आणि चित्रं आहेत. ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सवलत आहे, पण त्यावर फक्त निर्मात्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असावं आणि त्यातून मालाची जाहिरात होऊ नये, या अटीवर. कायद्याच्या यादीबाहेर लोकांचा धाक असतो. पुण्याच्या प्रसिद्ध संभाजी बिडीचं नाव आंदोलनांनंतर २०२१ साली ‘साबळे’ झालं. लक्ष्मीचं चित्र असलेल्या फटाक्यालाही अनेक वर्षं विरोध होत आला, कारण तो उडवला की देवीच्या चिंध्या होतात. ही तक्रार मला भाबडी वाटत नाही. पूज्य चित्र वापरून माल विकायचा आणि मग ते चित्र गिऱ्हाइकाच्या हातूनच फाडून घ्यायचं, ही विसंगती कॅलेंडरच्या आणि कापडाच्या जाहिरातीत झाकून राहते, फटाक्यात ती आवाज करते.

आजची अवस्था? हाताने काढलेलं लेबल जवळजवळ गेलं. त्याची जागा संगणकावर जुळवलेल्या जवानाने घेतली आहे. त्याच्या हातातली बंदूक कुठल्या सैन्याची हे कळत नाही, आणि कुणी विचारतही नाही. गावोगावच्या फ्लेक्सचीही तीच गत: वर तिरंगा, कडेला नेत्यांचे मानाप्रमाणे लहानमोठे चेहरे, मधे शुभेच्छा. रचना नावाची गोष्टच नाही, आहे ती हजेरी.

याच सुमाराला खोक्यावर एक नवा ऐवज आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर हरित फटाक्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड दिसू लागला. दिसायला तो रुक्ष. पण किर्लोस्करांच्या नांगरासारखा तो निदान मालाबद्दल काही सांगतो: बेरियम नाही, धूर कमी. तेरखेडा परिसरातल्या कारखान्यांत स्फोट होऊन मजूर दगावल्याच्या बातम्या येत राहतात. तिथे दारू भरणाऱ्याच्या सुरक्षिततेची हमी देणारं चिन्ह मात्र अजून कुठल्याच खोक्यावर माझ्या पाहण्यात नाही, आणि स्वदेशीच्या नावाने फटाका घ्या म्हणणाऱ्यांनी ते मागितल्याचंही ऐकिवात नाही.