मातीचे घर आणि घराचा धनी

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. परंतु दुसऱ्यांसाठी अख्खे गाव बांधायला निघालेल्या माणसाची कहाणी कशी असेल? इजिप्तचे वास्तुशिल्पी हसन फतही (१९००-१९८९) यांचा ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ हा ग्रंथ ती कहाणी सांगतो. १९६९ साली कैरोत प्रथम निघालेले हे पुस्तक १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने या नव्या नावाने प्रसिद्ध केले.

आज पर्यावरणस्नेही इमारत म्हटली की सौरपट्ट्या, दुहेरी काचा आणि वीज वाचवणारी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. फतहींचा प्रश्नच वेगळा होता : ज्याच्याजवळ पैसा नाही, पण पायाखाली माती आहे, त्याने घर कसे बांधावे? उत्तर त्यांना न्युबियाच्या गवंड्यांकडे मिळाले. मागच्या भिंतीला टेकवून कच्च्या विटांचे थर तिरके रचत गेले, की खाली लाकडाचा आधार न देताही कमानदार छत उभे राहते. लाकूड दुर्मीळ असलेल्या देशात ही केवढी सोय! जाड भिंती आणि आतले चौक उन्हाळा सुसह्य करतात.

हे सारे ज्ञान ओतून १९४०च्या दशकात लक्झरजवळ ‘नवे गुर्ना’ बांधायला घेतले गेले. प्राचीन थडग्यांवर वसलेल्या जुन्या गुर्नाचे लोक तेथे हलवायचे, असा सरकारी बेत होता. गाव पुरे झाले नाही आणि बहुतेक लोक आलेच नाहीत. त्यांची मिळकत त्या थडग्यांशी बांधलेली होती.

फतही दप्तरदिरंगाईवर कडाडून लिहितात, आणि ते रास्तच आहे. मात्र शिल्पी, गवंडी व घरधनी यांनी मिळून घर घडवावे, हा त्यांचाच सिद्धान्त. त्यातला तिसरा माणूस या ग्रंथात फारसा बोलतच नाही. मला ही या पुस्तकाची खरी उणीव वाटते. केरळात लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनीही स्थानिक साहित्याचाच आग्रह धरला. पण ते कुटुंबाशी बोलून, त्याच्या सवयी पाहून आराखडा करीत. त्यांच्या घरांत माणसे राहिली.

आपल्या गावांचे निर्णय दूर कुठेतरी होणे म्हणजे काय, हे सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. माती कितीही गार असो, न विचारता दिलेले घर परकेच राहते. यंत्राऐवजी माती निवडली, एवढ्याने काम भागत नाही. ती निवड राहणाऱ्याची असावी लागते. फतहींचे पुस्तक हे उघडपणे म्हणत नाही, पण त्याच्या पानापानांतून ते कळते. म्हणूनच ते वाचावे.