सीमान्तपूजन आणि यजमान : परस्थळीच्या लग्नाची प्रणयसुखात्मिका

बंगळूरच्या उत्तरेस असलेले हेब्बाळ हे मूळचे गाव आता महानगराच्या पोटात गेले आहे. येथे सापडलेल्या, इ. स. 750 च्या सुमाराच्या कन्नड शिलालेखात रट्टांच्या स्वारीचा प्रतिकार करताना मरण पावलेल्या कित्तय्य नावाच्या वीराची नोंद आहे. हेब्बाळच्या दक्षिणेस, मेख्री सर्कलजवळ, केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा जो बुरूज आहे, तो जुन्या बंगळूरच्या चार सीमाबुरुजांपैकी एक मानला जातो. 2008 साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यानंतर या बुरुजावरून हेब्बाळकडे जाणारा बळ्ळारी रस्ता हाच विमानतळाचा मुख्य मार्ग झाला. दूरच्या एखाद्या रिसॉर्टवर लग्न लावण्यासाठी विमानाने निघालेली वऱ्हाडेही याच रस्त्याने, हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून जातात. गावाची सीमा येथे एकेकाळी प्राणमोलाने राखली जात होती; आज ती केव्हा ओलांडली गेली हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. सीमेच्या या लोपाचा विवाहकथेच्या घडणीशी काय संबंध आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठी विवाहविधीत सीमेला स्वतंत्र स्थान आहे. वरपक्ष वधूच्या गावाच्या वेशीशी आला, की वधूपिता सामोरा जाऊन वराचे पूजन करतो, हेच सीमान्तपूजन. या विधीमुळे एक पक्ष यजमान आणि दुसरा अतिथी ठरतो आणि पुढील सारे मानपान, रुसवेफुगवे व समेट या नात्यावर उभे राहतात. मंगल कार्यालयांच्या काळात ही सीमा आक्रसली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कार्यालयाच्या सभागृहातच सीमान्तपूजन उरकले जाऊ लागले. जागा भाड्याची असली तरी यजमान मात्र उरला होता, कारण दारात वधूपिता उभा असे. ज्याला मराठीने भाषांतर न करता ‘डेस्टिनेशन वेडिंग’ असेच स्वीकारले आहे, त्या लग्नात दोन्ही पक्ष परस्थळी येतात. दोघांचीही ती भूमी नसते. कोणी कोणाची वेस ओलांडलेली नसल्याने सीमान्तपूजनाचा विधी झाला तरी त्याचा संदर्भ हरवलेला असतो. आदरातिथ्य हॉटेलचा सेवकवर्ग करतो आणि त्याचे देयक अदा होते.

घरापासून दूर घडणारा विवाह वाङ्मयाला नवा नाही. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ (1957) या ग्रंथात शेक्सपिअरच्या सुखात्मिकांतील ‘हरितविश्वा’ची कल्पना मांडली. नगरातील कठोर नियमांपासून सुटून पात्रे वनात जातात, तेथे त्यांचे रूपांतर होते आणि ती पुन्हा नगरात परततात. मात्र भारतीय परंपरेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक उदाहरण ‘अभिज्ञानशाकुन्तल’ हे आहे. दुष्यंत आश्रमात अतिथी म्हणून प्रवेश करतो तेव्हा आश्रमाचा खरा यजमान कण्व सोमतीर्थाला गेलेला असतो. यजमानाच्या अनुपस्थितीत गांधर्वविवाह होतो. पुढे दुर्वासाचा शाप ओढवतो तोही अतिथीची उपेक्षा झाल्यामुळेच. साक्षीविना झालेल्या या विवाहाला मग मुद्रिकेच्या खुणेवर अवलंबून राहावे लागते. यजमान नसलेले लग्न सुंदर असते, परंतु त्याची स्मृती सांभाळणारे कोणी नसते, ही शक्यता कालिदासाने नाट्यवस्तूच्या केंद्रस्थानी ठेवली आहे. परस्थळीच्या लग्नावरील आधुनिक चित्रपट या कसोटीवर पाहता येतात.

व्हिक्टर लेव्हिन लिखित-दिग्दर्शित ‘डेस्टिनेशन वेडिंग’ (2018) हा अमेरिकी चित्रपट नावापासूनच या प्रकाराचा प्रतिनिधी आहे. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात एक लग्न आहे. फ्रँक (कियानू रीव्ह्ज) हा वराचा सावत्र भाऊ, तर लिंडसे (विनोना रायडर) ही वराची पूर्वीची वाग्दत्त वधू. दोघांनाही या लग्नाला यावेसे वाटलेले नाही. विमानात, भोजनाच्या मेजावर, सहलीत त्यांच्या खुर्च्या एकमेकांशेजारी पडतात आणि संपूर्ण चित्रपटात फक्त ही दोन पात्रेच बोलतात. वर, वधू, आईबाप, पाहुणे हे सारे दिसतात, पण त्यांना संवाद नाहीत. ही केवळ तंत्राची चूष नव्हे. यजमानाला वाचाच नसल्याने पाहुण्यांवर कोणतेही ऋण चढत नाही. ते लग्नाची, कुटुंबाची आणि एकंदर मानवजातीची यथेच्छ निंदा करतात. त्यांना उत्तर देणारे कोणी नाही. प्रेमही त्यांना याच निंदेच्या आडून सापडते. फ्राय यांच्या विवेचनानुसार सुखात्मिकेच्या शेवटी नायक-नायिकेभोवती एक नवा समाज आकार घेतो. येथे समाज आधीच मूक करून बाजूला ठेवलेला असल्याने शेवटी उरते ते एका दारात उभे असलेले जोडपे. त्यांचे मीलन हवेसे वाटते, पण त्याला वजन येत नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाला योगराज भट दिग्दर्शित कन्नड चित्रपट ‘मुंगारु मळे’ (2006) आहे. तो रूढ अर्थाने ‘डेस्टिनेशन वेडिंग’चा चित्रपट नाही, कारण लग्न वधूच्याच घरी आहे, तथापि पाहुण्याच्या दृष्टीने ते परस्थळीचे लग्नच होय. बंगळूरचा प्रीतम (गणेश) एका मुलीकडे पाहता पाहता रस्त्यावरील उघड्या मॅनहोलमध्ये पडतो. त्याला वाचवताना नंदिनीचे (पूजा गांधी) हृदयाच्या आकाराचे घड्याळ हरवते आणि ते त्याच्या हाती लागते. पुढे आईबरोबर एका लग्नासाठी तो मडिकेरीला जातो, तेव्हा आपण ज्यांच्या घरी उतरलो आहोत ते कर्नल सुब्बय्या (अनंत नाग) हेच नंदिनीचे वडील आणि लग्नही तिचेच, हे त्याला कळते. घड्याळ आणि मुद्रिका यांतील साम्य उघड आहे. फरक त्यांच्या कार्यात आहे. शाकुन्तलात खूण सापडताच मीलनाचा मार्ग मोकळा होतो. येथे खूण पहिल्यापासून नायकाच्या खिशात आहे, प्रेमही कालांतराने परस्परांचे होते, तरी मीलन होत नाही. कारण येथे कण्व घरी आहे.

हृदयविकाराने ग्रस्त सुब्बय्या प्रीतमला विश्वासात घेऊन, मुलीचे ठरलेले लग्न पाहावे एवढीच आपली इच्छा असल्याचे सांगतात. ज्याच्या घरी राहिलो, ज्याचे अन्न खाल्ले, त्याने मन मोकळे केल्यावर अतिथीला ते घर मोडता येत नाही. हल्लेखोरांपासून नियोजित वराला वाचवून प्रीतमच त्याला मांडवापर्यंत पोहोचवतो. दीर्घकाळ हसवत आलेला नायक पावसात एकटा परततो. प्रणयसुखात्मिकेचा सांगाडा घेऊन निघालेली कथा यजमानाच्या एका वाक्याने करुणाकडे वळते आणि हे वळण उपरे वाटत नाही. मल्टिप्लेक्समध्ये वर्षाहून अधिक काळ चाललेल्या या चित्रपटाच्या लोकप्रियतेला त्यातील गीते आणि पाऊस कारणीभूत असतीलच. परंतु महानगरी प्रेक्षकाला त्यात आतिथ्यधर्माची जुनी ओळख पटली असावी, असे मानण्यास जागा आहे.

येथवरच्या तुलनेवरून यजमान असलेले लग्न श्रेष्ठ आणि नसलेले उथळ, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो एकांगी ठरेल. सीमान्तपूजनाने निर्माण होणारे नाते समतेचे नव्हते. वेशीवर जाऊन पाय धुणारा वधूपिता असे, मान घेणारा वरपक्ष असे आणि ज्या मुलीमुळे हे सारे घडे, तिचा शब्द या व्यवहारात क्वचितच लागे. ‘मुंगारु मळे’मध्येही त्यागाचा निर्णय प्रीतम घेतो, तो सुब्बय्यांना दिलेल्या मनोमन वचनासाठी. नंदिनीच्या आयुष्याचा निवाडा दोन पुरुषांतील सौजन्याने होतो. आतिथ्यधर्माचे तेज मान्य करतानाच त्याची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न समीक्षेने सोडून देता कामा नये.

या प्रश्नाला मराठीतून एक वेगळे उत्तर मिळते. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) या चित्रपटात मुंबईची मुलगी (मुक्ता बर्वे) घरच्यांनी सुचवलेल्या स्थळाला नकार देण्यासाठी स्वतः पुण्याला येते आणि तिला भेटलेल्या मुलासोबत (स्वप्नील जोशी) तिचा दिवस शहरात हिंडण्यात जातो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची दिशाच येथे उलटली आहे. वेस ओलांडते ती वधू, आणि तिच्या पूजनासाठी कोणी उभे नाही. ‘डेस्टिनेशन वेडिंग’प्रमाणेच येथेही सारा भार दोघांच्या बोलण्यावर आहे, परंतु हे बोलणे ऋणमुक्त नाही. तो पुण्याचा अभिमानी रहिवासी म्हणून बोलतो, ती मुंबईची बाजू लढवते. दोन शहरांतील या लटक्या भांडणातून त्याच्याकडे यजमानपण आणि तिच्याकडे अतिथीपण आपोआप येते आणि बोलण्याच्या ओघात ते सैलही होते. घरे पडद्याआड आहेत, पण दोघांनाही शेवटी त्या घरांना उत्तर द्यावयाचे आहे. मानपानाची उतरंड टाकून देऊनही उत्तरदायित्व टिकवता येते, हे या साध्या रचनेने दाखवले.

तेव्हा परस्थळीच्या लग्नाच्या कथेचे मूल्यमापन स्थळाच्या दूरत्वावरून किंवा खर्चाच्या भपक्यावरून करणे अपुरे आहे. त्या स्थळी कोण कोणाला उत्तरदायी आहे, हा तुलनेचा खरा निकष होय. अमेरिकी चित्रपटात कोणी कोणालाच उत्तरदायी नाही, म्हणून विनोद धारदार असूनही मीलन हलके राहते. कन्नड चित्रपटात अतिथी यजमानाला इतका उत्तरदायी आहे, की सुखात्मिकाच मोडते आणि नायिकेचा आवाज दबतो. मराठी चित्रपटात दोन माणसे परस्परांना उत्तरदायी होऊ लागतात. वेशीवरचे पूजन गेले याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्या पूजनात एका माणसाने दुसऱ्याचे येणे आपल्या अंगावर घेतलेले असे, ते कोठे गेले हे मात्र पाहिले पाहिजे. हेब्बाळच्या पुलावरून जाणाऱ्या वऱ्हाडाला सीमा दिसत नसली, तरी पलीकडे त्याची वाट पाहणारे कोणी आहे की केवळ आरक्षण, यावरच त्या लग्नाची कथा कोणत्या वाङ्मयप्रकाराची होणार हे अवलंबून राहील.