शंभर टक्के म्हणजे कशाचे?

मागच्या भागानंतर एका श्रोत्या आजींचा निरोप आला: "तुम्ही दोघं फार हळू बोलता रे, की मलाच कमी ऐकू यायला लागलंय?" त्यांनी कॉम्प्युटरचा आवाज १०० वर नेला होता, हेडफोन बदलून पाहिला होता, आणि शेवटी कान तपासायला डॉक्टरांची वेळही घेतली होती.

चूक आमची होती. कार्यक्रमाचा सरासरी जोर एलयूएफएस या एककात मोजतात. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ च्या आसपासची आहे. आम्ही तो भाग उणे २७ वर चढवला होता. ११ डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण निम्माच आवाज. पण आजींना हे कळणार कसं? त्यांच्यासमोर फक्त एक पट्टी, आणि त्या पट्टीवर '१००'.

माझी तक्रार आहे ती या पट्टीबद्दल. १०० टक्के कशाचे? हेडफोनच्या ताकदीचे नाहीत, कानाच्या सोसण्याचे तर नाहीतच. ही पट्टी सहसा आवाज वाढवत नाही, फक्त कमी करते. १०० म्हणजे 'काही अडवलेलं नाही', एवढंच. मूळ ध्वनिमुद्रणच हळू असेल तर १०० वरही ते हळूच राहणार. काही प्लेअर १०० च्या पुढे जाऊ देतात, पण मग मोठे आवाज वरून कापले जाऊन फाटतात.

शिवाय पट्टी एक नसते. प्लेअरची एक, सिस्टिमची एक, विंडोजच्या मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रामची वेगळी, काही हेडफोनच्या वायरवर आणखी एक. यातली कुठलीही खाली असेल तर बाकीच्या वर असून उपयोग नाही. त्यात विंडोजमध्ये एक पर्याय मुळातच निवडलेला असतो: कॉल सुरू झाला की इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे. सोय चांगली आहे हो, पण ती चालू आहे हे स्क्रीनवर कुठे दिसतं?

हेडफोनच्या खोक्यावरही तेच. एकाच मॉडेलचे ३२ आणि २५० ओहमचे हेडफोन दुकानात शेजारी दिसतात, आणि मोठा आकडा म्हणजे भारी माल असं वाटतं. कॉम्प्युटरने १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमला सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात, २५० ओहमला फक्त ४. बाकी सगळं सारखं असेल तर हा ९ डेसिबलचा फटका. अशा वेळी वेगळा ॲम्प्लिफायर घेण्यात अर्थ आहे. पण 'आवाज कमी येतो' म्हटल्याबरोबर सगळ्यांनाच ॲम्प घ्यायला सांगणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता औषध देणं.

म्हणून तुम्ही असं करा. आधी दुसरं काहीतरी लावून बघा. ते नीट ऐकू आलं तर दोष ध्वनिमुद्रणाचा. नाही आलं, तर तोच हेडफोन फोनला लावा. तिथे ठीक असेल तर कॉम्प्युटरच्या पट्ट्या एकेक करून तपासा. आणि पिन पूर्ण आत गेली आहे ना, ते पाहा. अर्धवट बसली तर कधीकधी गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात.

एवढा खटाटोप कशाला, सरळ सगळं १०० वर ठेवावं की! नको. हळू मुलाखत ऐकायला सगळं वर नेलेलं असतं, आणि मध्येच मेसेजची घंटा पूर्ण जोरात कानात वाजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित. मुलाखती उतरवून काढणारा आमच्यातला कुणीही तेवढे तास सहज हेडफोन लावून बसतो. पट्टीवरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

तो भाग आम्ही आता उणे १६ वर आणून पुन्हा चढवला आहे. आजींना कळवलं, तेव्हा त्यांनी ऐकून पाहिला आणि म्हणाल्या, "आता कसं स्पष्ट!" डॉक्टरांची वेळ मात्र रद्द करू नका, असं आम्हीच सांगितलं. कान तपासून घेतलेले बरे. फक्त त्याआधी आम्ही आमची फाइल तपासायला हवी होती.