आरोप आणि शिक्षा : ‘शांतता!’मधील गर्भाचा प्रश्न

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आणि सत्यदेव दुबे यांनी त्यावर केलेला १९७१चा चित्रपट यांची चर्चा बहुधा मध्यमवर्गीय दांभिकतेच्या अंगाने होते. ते गैर नाही. पण ही संहिता ज्या विसंगतीवर उभी आहे ती त्या चर्चेत विरून जाते. लीला बेणारेवर आरोप आहे भ्रूणहत्येचा आणि अखेरीस तिला फर्मावली जाणारी शिक्षा आहे गर्भ नष्ट करण्याची. अपराध म्हणून जे निषिद्ध, तेच न्याय म्हणून विहित! गर्भाच्या जिवाशी त्या ‘न्यायालया’ला कर्तव्य नसतेच. त्याविषयीचा निर्णय बेणारेच्या हाती राहू नये, एवढीच त्याची निकड असते.

आरोपाचे कलमही पाहण्यासारखे आहे. ते ३०२ आहे, म्हणजे खुनाचे. भारतीय दंडविधानात गर्भपातासंबंधीची कलमे ३१२पासून पुढे होती. ही चूक पात्रांच्या हौशी कायदेज्ञानावर ढकलता येईल, परंतु ती सूचक आहे. ‘गर्भपात’ या शब्दात स्त्रीचे शरीर अध्याहृत असते. ‘भ्रूणहत्या’ म्हणताच ते पुसले जाते आणि उरतात फक्त मारणारी व मेलेला.

चित्रपटाच्याच वर्षी संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला. मात्र संततिप्रतिबंधक साधन निकामी ठरल्याच्या कारणाची त्यातील सवलत विवाहितेपुरती होती. त्या तरतुदीतला ‘पती’ जाऊन ‘जोडीदार’ यायला २०२१ साल उजाडावे लागले. बेणारे त्या कायद्याच्या कक्षेतही पुरती मावली नसती.

येथे तेंडुलकरांशीही थोडा वाद घालावासा वाटतो. बेणारेला मूल हवे आहे. त्याला बापाचे नाव मिळावे म्हणून ती पोंक्षेपुढे, रोकडेपुढे लग्नाचा प्रस्ताव ठेवते. तिचे बंड मातृत्वाच्या बाजूचे आहे आणि प्रेक्षकाची सहानुभूती तिला त्यामुळेच सुलभतेने मिळते. पुढे ‘क्या कहना’ (२०००) या हिंदी चित्रपटाने हाच मार्ग कितीतरी गुळगुळीत केला. मूल नको म्हणणाऱ्या स्त्रीला मात्र अशा कथनांत वाणीच मिळत नाही. रुमानियातील गर्भपातबंदीच्या काळावरील क्रिस्तियान मुंजिऊ यांच्या २००७च्या चित्रपटात ती मिळते. तिथे दोन मैत्रिणी हॉटेलची खोली, पैसे, धोका यांविषयी बोलत राहतात. कॅमेरा त्यांना दोषी ठरवत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही.

आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी मोहिमेने ‘भ्रूणहत्या’ हा शब्द पुन्हा चलनात आणला. मोहीम न्याय्य होती. शब्दाची निवड महागात पडली. हे नाटक वर्गात शिकवताना अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : बेणारेच्या पोटी मुलगी होती का?